मैनेची अंधारफेरी

१

रंगीत तालमीची घंटा वाजली, दिवे लागले, आणि रंगमंचाच्या मधोमध, जिथे फळ्या असायला हव्या होत्या तिथे, काळोखाचा एक चौकोन होता.

बाई तेव्हा नुकत्याच रस्त्यावरून आत आल्या होत्या. जेवणानंतरचा सगळा वेळ त्या दाराबाहेर शिडीवर उभ्या राहून नव्या नाटकाची पाटी टांगत होत्या. शेजारचा न्हावी खालून शिडी धरून ‘डावीकडे, अजून डावीकडे’ असं ओरडत होता आणि पाटी काही केल्या सरळ होत नव्हती. बोटांना लागलेला ओला रंग पुसत त्या खुर्च्यांच्या रांगांमधून पुढे आल्या आणि थांबल्या.

“झडप कुणी उघडी टाकली? मिस्त्री! कान फुटले का?”

मिस्त्री नव्हता. विंगेतून महाराज आले, अर्धीच दाढी चिकटवलेले. त्यांच्या मागून चिमणी आली, हातात गोंदाची वाटी. चौकोनाच्या काठाशी बाईंनी वाकून पाहिलं.

खाली, खूप खाली, मैना पडली होती. तिसऱ्या अंकातला हिरवा पायघोळ झगा तिच्याभोवती पसरला होता. एक हात गालाखाली होता. पोर खेळता खेळता झोपी जावं तशी. फक्त मान तशी नव्हती.

ताई शेवटी आल्या. बाईंची थोरली बहीण, मंडळीचे सगळे कपडे शिवणारी. त्यांनी आधी कुणाकडे पाहिलं नाही. खांद्यावरची शाल काढली, विंगेतल्या शिडीनं खाली गेल्या आणि मैनेच्या अंगावर ती शाल नीट, चारी कोपरे सारखे करून पांघरली.

ही जागा पूर्वी बर्फाचा कारखाना होती. मोठमोठ्या लाद्या जिथे उतरवायच्या ती ही खोल विहीर. बाई आधी ज्या मालकांच्या नाटक मंडळीत होत्या, तिथे त्यांनी जेव्हा ‘एक नाटक मला बसवू द्या’ म्हटलं, तेव्हा मालक आणि त्यांच्या पंगतीतले सगळे पोट धरून हसले होते. त्याच आठवड्यात बाई मागच्या दारानं निघाल्या. बरोबर तिघंच आली: ताई, महाराज, आणि वेणी घालणारी, नुकताच कंठ फुटलेली मैना. त्या चौघांना हा बंद पडलेला बर्फखाना मिळाला. वीज नव्हती. पैसे आले की दिवे येतील म्हणत त्यांनी अंधारातच तालमी सुरू केल्या.

अंधारात माणसं माणसांवर आदळत. म्हणून बाईंनी रीत घातली. अनवाणी चालायचं, आणि चालताना आपापल्या दोन ओळी गुणगुणत राहायचं, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं. मैनेच्या ओळी होत्या:

अंधाराच्या दारी उभी कोण लेक,
पायाखाली वाट, हळू पाय टेक.

आणि कुणाची ओळ मध्येच तुटली, कुणी घाबरून, अडखळून गप्प झालं, तर जवळ जो असेल त्यानं ती ओळ उचलून पुरी करायची. म्हणजे हरवलेल्याला कळतं की आपण एकटे नाही.

विहिरीच्या तोंडाला तेव्हा झडप नव्हती. ताईंनी स्वतःच्या हातानं दोरी वळली, वीतवीतभर अंतरावर गाठी मारल्या, आणि जाड जाजमाच्या खालून ती विहिरीभोवती शिवून टाकली. पायाला गाठ लागली की वळायचं. पुढे झडप बसली, दिवे आले, नवी माणसं आली. अंधारफेरी मात्र राहिली. झडप बंद असली तरी अंधारात दोरीच्या आत पाय टाकायचा नाही, हा नियमही राहिला.

मैना रोज जेवणानंतर दारं लावून एकटी फेरी घ्यायची. आजही तिचे पाय उघडे होते.

बाई गुडघ्यांवर बसल्या. पोलीस येईपर्यंत काही हलवू नका, असं महाराज म्हणत होते, ते त्यांच्या कानात शिरलं नाही. जाजमाची कड उचलून त्यांनी खाली हात घातला आणि चौकोनाच्या चारी बाजूंनी फिरवला.

गाठ लागली नाही. दोरी नव्हतीच.

२

“अपघात,” दुसऱ्या सकाळी इन्स्पेक्टर म्हणाला. पहिल्या रांगेतल्या खुर्चीत तो रेलून बसला होता, नाटकाला आल्यासारखा. “तुमच्या सुतारानं झडपेची कडी लावली नाही. या बाई अंधारात चालायला गेल्या. वजन पडलं, झडप खाली गेली. सुतारावर निष्काळजीपणाचा गुन्हा. विहीर बुजवा, थोड्या दिवसांनी प्रयोग करा.”

“मैना अंधारात पडायची नाही, साहेब.”

“पडलेली प्रत्येक व्यक्ती आधी न पडणारीच असते.”

“दोरी गेलीय.”

“कुजली असेल. उंदीर असतात असल्या जागी.”

बाईंनी जाजमाची कड त्याच्यापुढे धरली. “उंदरानं कुरतडलं तर कापडही जातं. ओढून तोडली तर भोकं फाटतात. इथं एकेक टाका अलगद कापलाय. भोकं जशीच्या तशी. कुणीतरी बसून, सावकाश केलंय हे.”

इन्स्पेक्टरनं भोकं पाहिली. मग बाईंकडे पाहिलं. त्याचा आवाज थोडा खाली आला. “बाई, मी तुमची नाटकं पाहिलीत. म्हणून सांगतो. अपघात म्हटलात तर ही जागा तुमची राहते. खून म्हटलात तर आजच्या आज दाराला सरकारी मोहोर लागेल. आणि मोहोर काढायला किती वर्षं लागतील, ते मला विचारू नका. तोवर तुमची माणसं काय करतील? दुसरीकडे जातील. मंडळी मोडेल. कागद तयार आहे. फक्त सही.”

“आणि मिस्त्री?”

“त्याला थोडी शिक्षा. माणूस गेलंय, कुणाच्या तरी नावावर लागायलाच हवं.”

“दिवस मावळेपर्यंत थांबा.”

“थांबतो. पण झडपेला हात लावायचा नाही. आहे तशी राहू दे.”

मिस्त्री दारातल्या पायरीवर बसला होता. शेजारी शिपाई. एका रात्रीत त्याचे गाल आत गेले होते.

“कडी लावली होती, बाई. पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. स्वतः खाली उतरून लावली, ओढून बघितली.”

“मग गेलास कधी?”

“जेवण झाल्या झाल्या. बिजागऱ्या करकरत होत्या, त्यांना तेल आणायला. दुकानदार गप्पिष्ट. त्याच्या जावयाची कर्मकहाणी ऐकत बसलो. आलो तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि तुम्ही सगळे…” त्याला पुढे बोलवेना. “साहेब म्हणतात, कडी लावून गेलास तर उघडली कुणी? मी काय सांगू? खाली तर कुणीही उतरू शकतं.”

“तुझं आणि मैनेचं भांडण झालं होतं.”

“रोज व्हायचं! ती म्हणायची, तुझा हातोडा माझ्या तानेत येतो. मी म्हणायचो, तुझी तान माझ्या हातोड्यात येते. ते काय भांडण म्हणायचं, बाई?” तो हसायला गेला आणि ओंजळीत तोंड लपवून रडला.

बाई उठल्या. कुणीतरी खाली उतरून कडी काढली होती. कुणीतरी टाका न् टाका कापला होता. आणि ते कुणीतरी काल दुपारी त्यांच्याच घरातलं होतं.

३

रंगपटात महाराज आरशासमोर बसले होते. आयुष्यभर राजे केले, म्हणून महाराज. आज अंगात राजेपण नव्हतं. मैनेवर त्यांचा जीव होता, हे मंडळीतल्या खुंट्यांनासुद्धा ठाऊक होतं. तिनं एकदा हसून ‘पुढल्या जन्मी’ म्हटलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं.

“काल जेवणानंतर कुठे होतात?”

“इथंच. चिमणी दाढी चिकटवत होती. ही बया गोंद अशी लावते की दाढीबरोबर कातडंही निघावं. हललो असतो तर ओरडली असती.” त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा जांभळा झगा ओढला. “आणि हे बघा. हा माझा राजवेष! उंटानं चघळून टाकल्यासारखा. ताईंच्या हातून असं कधी झालं नव्हतं. म्हटलं, उद्या पहिला प्रयोग आणि राजा चुरगळलेला.”

बाईंनी सवयीनं झगा हातात घेऊन घडी घालायला सुरुवात केली. एवढ्यात ताई चहाचे पेले घेऊन आल्या. त्यांनी पेले ठेवले आणि झगा काढून घेतला. “राहू दे, धाकटे. नाटकं बसवलीस, माणसं उभी केलीस, पण आयुष्यात तुला एक घडी जमली नाही.” सगळं जग बाईंना बाई म्हणे. धाकटे म्हणणारं एकच माणूस होतं. ताई झगा घेऊन गेल्या. पाठ फिरवताना त्यांनी डोळे पुसले.

“मैनेचं काही ऐकू आलं?” बाईंनी विचारलं.

“आलं की. भिंत पातळ आहे.” महाराजांनी डोळे मिटले. “तिची फेरी चालू होती. ‘अंधाराच्या दारी उभी कोण लेक…’ तेवढ्यात धाडकन आवाज झाला. मिस्त्री फळी टाकतो तसा. मी दचकलो, चिमणीनं मला चापट मारली. आणि मैना? तिनं पुढची ओळ म्हटली. ‘पायाखाली वाट, हळू पाय टेक.’ थोडी हळू, थोडी खालच्या पट्टीत. मी चिमणीला म्हटलंसुद्धा, शीक काहीतरी, आभाळ कोसळलं तरी हिची ओळ तुटायची नाही.” त्यांनी डोळे उघडले. “ते शेवटचं ऐकणं असेल हे… जाऊ दे. तशीही ती जाणारच होती. मला मात्र विचारलं नाही.”

“कशाबद्दल विचारलं नाही?”

महाराज आरशाकडे वळले. मग आरशातल्या स्वतःला म्हणाले, “चिमणीला विचारा. तिला विचारलं होतं.”

४

चिमणी कपड्यांच्या खोलीत पेटीवर बसली होती. मैनेच्या भूमिकेची तयारी तिनंही केली होती. मैना आजारी पडली तर उभी राहायला. त्यामुळे काल संध्याकाळपासून सगळे तिच्याकडे चोरून बघत होते, आणि ते तिला कळत होतं.

“मी नाही मारलं,” बाई आत येताच ती म्हणाली.

“मी विचारलं का?”

“सगळे विचारताहेत. तोंड न उघडता.” तिनं पेटीच्या झाकणावर नख ओढलं. “बाई, मैनाताई मंडळी सोडून चालली होती. स्वतःची मंडळी काढणार होती. मला चल म्हणाली. मी हो म्हटलं होतं. या पेटीत पहिल्या नाटकाचे कपडे आहेत. तिनं नेण्यासाठी ठेवलेले. तुम्हाला कळलं तर तुम्ही…”

“मला माहीत आहे.”

चिमणीनं वर पाहिलं.

“पेटी मीच भरली,” बाई म्हणाल्या. “ते कपडे मीच तिला दिले. मालकांकडून मी निघाले तेव्हा मागच्या दारानं निघाले होते, गठुडं काखेत मारून, चोरासारखी. मैनेला म्हटलं, तू पुढच्या दारानं जायचं. पहिल्या प्रयोगानंतर पडद्यापुढे उभी करून सगळ्यांना सांगणार होते, ही माझी लेक स्वतःचं घर मांडतेय. तोवर कुणालाच बोलले नव्हते.”

“ताईंनाही?”

“ताईलाही.”

चिमणी पेटीवरून उठली. तिनं झाकण उघडलं. आत कपडे कसेबसे कोंबलेले होते, बाह्या लोंबत होत्या. “ही पेटी सगळ्यांनी पाहिली, बाई. मिस्त्रींनी कुलूप बसवून दिलं. महाराजांनी पाहिली आणि दिवसभर जेवले नाहीत. ताईंनी पाहिली, झाकण उघडून आत पाहिलं आणि बंद केलं. मला विचारलं, कुठं निघाली ही? मी म्हटलं, मला नाही माहीत.”

“काल तुझी कात्री कुठे होती?”

“माझ्या हातात. महाराजांच्या दाढीत. विचारा त्यांना.”

“त्यांनी सांगितलं. आवाज तूही ऐकलास?”

“ऐकला. फळी टाकल्यासारखा. ओळीच्या मधोमध.”

“चिमणे, फेरीत तू चालतेस आणि शेजारचा गाता गाता गप्प झाला, तर काय करतेस?”

“काय करायचं? त्याला सुचलं की तो गाईल.”

“त्याची ओळ तू म्हणत नाहीस?”

“दुसऱ्याची? अशी रीत आहे का? मला कुणी शिकवली नाही.”

खरंच होतं. दिवे आले तशी ओळ उचलायची गरज संपली. नव्या माणसांना ती कुणी शिकवली नव्हती. नवी माणसं आपापल्या ओळी म्हणत आणि आपापली वाट चालत.

बाई भिंतीला टेकल्या. फळी टाकायला मिस्त्री काल इथे नव्हता. तो दुकानात जावयाची कहाणी ऐकत होता. म्हणजे तो धाडकन आवाज फळीचा नव्हता. मैनेचा होता.

आणि तिची दुसरी ओळ त्या आवाजानंतर आली होती.

“बाई? असं काय झालं तुम्हाला?”

“मेलेल्या माणसानं ओळ पुरी केली, चिमणे,” बाई म्हणाल्या.

५

त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. समोर झडप उघडी लोंबत होती.

ओळ उचलायची सवय चौघांनाच होती. त्यातली एक विहिरीच्या तळाशी. एक दाढीला गोंद लावून खुर्चीत, शेजारी साक्षीदार. एक रस्त्यावर शिडीवर, खाली न्हावी. हे सगळं बाईंनी पुन्हा एकदा, उलटीकडून मांडून पाहिलं. कुठेतरी चूक निघावी म्हणून पाहिलं. महाराजांनी खोटं सांगितलं असेल? मग चिमणीनंही सांगितलं, आणि त्या दोघांना तेच एक खोटं सुचायचं कारण नव्हतं. ज्याला स्वतःला लपवायचंय तो ‘आवाजानंतर गाणं आलं’ असं सांगणार नाही. ते सांगितलं, कारण त्याचा अर्थ त्यांना कळलाच नव्हता.

मग अलगद कापलेले टाके. मग तो चुरगळलेला राजवेष.

चूक निघाली नाही.

इस्त्रीच्या खोलीत ताई जांभळा झगा पसरून उभ्या होत्या. इस्त्रीची वाफ निघत होती. खिडकीतून येणारं ऊन पिवळं पडायला लागलं होतं.

“काल हा का राहिला, ताई?”

“घाई होती.”

“काल तू सगळ्यांना सांगितलंस, मी जेवणानंतर इस्त्री करत होते, मला काही ऐकू आलं नाही.”

ताईंनी इस्त्री उभी करून ठेवली. बाईंकडे पाहिलं नाही. बाही सारखी केली, गळा सारखा केला.

“मैनेची दुसरी ओळ कुणी म्हटली, ताई?”

मग ताई खाली बसल्या, जमिनीवरच, पाय दुमडून, लहानपणी बसायच्या तशा.

“मी विंगेत उभी होते,” त्या म्हणाल्या. “कडी काढून वर आले होते. जायचं होतं तिथून. पाय निघेना. तिनं सुरुवात केली. ‘उभी कोण लेक’ म्हणाली, आणि मला वाटलं, हाक मारावी. खरं सांगते, धाकटे. हाक मारायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ओळ तुटली. आणि तोंड तर उघडंच होतं…” त्यांनी ओठांवर हात ठेवला. “आपोआप आलं गं. इतक्या वर्षांची सवय. तिची ओळ तुटली की मीच उचलायचे. पोर होती तेव्हापासून.”

“का?”

“विचारतेस? मालकांची मंडळी का बसली? तू निघालीस म्हणून. चार माणसं उठली की घर बसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्या या बर्फखान्यासाठी मी माझा संसार मांडला नाही. एकेक पडदा, एकेक बंद माझ्या हातचा. आणि ती पोर, जिला मी न्हाऊमाखू घातलं, ती आपले पहिले कपडे पेटीत कोंबून पळणार? मी झाकण उघडलं आणि पाहिलं. घडीसुद्धा नीट नाही! तेव्हाच ओळखलं, हे चोराचं काम. आपल्या हक्कानं नेणारं माणूस असं कोंबत नाही.”

“ते मी भरले होते, ताई.”

“काय?”

“मी दिले तिला. मी भरली पेटी. मला घड्या येत नाहीत. आत्ताच तर म्हणालीस.”

ताईंचं तोंड उघडं राहिलं. आता त्यातून कुठलीच ओळ आली नाही. उन्हाचा पट्टा झग्यावरून सरकून भिंतीवर गेला.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू रडली असतीस. आणि तुला रडताना पाहून मी तिला जाऊ दिलं नसतं.”

ताईंनी कमरेची कापडी पिशवी सोडली. आतून गाठीगाठींची दोरी काढली. नीट गुंडाळलेली, टोक आत खोचलेलं. “टाकवली नाही,” त्या म्हणाल्या. “हातानं वळलेली होती.”

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

ताई झटक्यात पुढे सरकल्या. बाईंचे दोन्ही हात धरले. “सही कर. ऐक माझं. अपघात म्हण. मिस्त्री सुटेल थोड्या दिवसांनी, त्याच्या बायकोपोरांचं आपण बघू. पण मंडळी राहील. नाहीतर ती कशासाठी मेली? मी हे कशासाठी केलं? सगळंच फुकट?”

बाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. एका सहीवर सगळं उभं होतं. दिवे, पाटी, पडदा, चिमणी, महाराज. आणि त्या सगळ्यांखाली, विहिरीच्या तळाशी, गालाखाली हात घेतलेली एक पोर.

“बरं,” ताई शेवटी म्हणाल्या. त्यांनी बहिणीचा चेहरा वाचला होता. “मग मला एक फेरी घेऊ दे. जुन्यासारखी. तू आणि मी. मग म्हणशील तिथे येते.”

६

दिवे मालवले. दारं लावली. दोघींनी चपला विंगेत काढून ठेवल्या, एकीच्या शेजारी एक.

अंधार तसाच होता, पूर्वीसारखा. बर्फ जाऊन इतकी वर्षं झाली तरी या जमिनीचा गारवा गेला नव्हता. बाई डावीकडून निघाल्या. उजवीकडून ताईंचा आवाज आला, म्हातारा, पण सुरात.

सुईच्या नेढ्यात ओविला मी धागा,
जाशील जिथं तू, तिथं माझी जागा.

बर्फखान्यातल्या पहिल्या फेरीत ताईंनी या ओळी केल्या होत्या. तेव्हा सगळे हसले होते, नाटकवाल्यांत सुई कसली गाते म्हणून. कुणासाठी केल्या, ते बाईंना तेव्हाच कळलं होतं.

ताई आडव्या गेल्या. मागे आल्या. पुन्हा पहिली ओळ. आवाज मंचाच्या मध्याकडे सरकत होता. बाईंच्या पायाखालचं जाजम गुळगुळीत होतं, एकही गाठ नाही. आणि अचानक त्यांच्या ध्यानात आलं.

झडप उघडी होती. साहेबांनी हात लावू दिला नव्हता. दोरी पुन्हा पिशवीत, ताईंच्याच कमरेला होती. आणि तो चौकोन कुठे आहे हे ताईंना दोरीशिवायही माहीत होतं.

“सुईच्या नेढ्यात ओविला मी धागा…”

ओळ तुटली.

पावलंही थांबली. काठावर कापड घासल्यासारखं झालं. बाईंच्या मनात एक क्षण असा आला की त्या गप्प राहिल्या असत्या. ताई खाली गेली असती तर कुणाला काही सांगावं लागलं नसतं. दोन अपघात. एकाच विहिरीत. मिस्त्रीही सुटला असता, मंडळीही राहिली असती, आणि थोरली बहीण फरफटत नेली गेली नसती. अंधार वाट बघत होता.

ती ओळ उचलायची पाळी बाईंची होती.

“जाशील जिथं तू,” बाई म्हणाल्या. आवाज फुटला. त्यांनी पुन्हा धरला. “तिथं माझी जागा.”

आणि त्या चालायला लागल्या. विंगेकडे नाही, मागच्या दाराकडे नाही. मंचाच्या पायऱ्या उतरून, खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, पुढच्या दाराकडे. तीच ओळ म्हणत, न थांबता, हळू पट्टीत. मागे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी वळून पाहिलं नाही. अंधारात वळून पाहून उपयोग नसतो.

मग जाजमावरून, पायऱ्यांवरून, अनवाणी पावलं मागे मागे आली.

पुढच्या दारात इन्स्पेक्टर कागद घेऊन उभा होता. शेजारी मिस्त्री, शिपायानं दंड धरलेला. चिमणी आणि महाराज पायरीवर होते. बाईंनी दार पूर्ण उघडलं, दोन्ही फळ्या.

“साहेब, हा कागद फाडा,” त्या म्हणाल्या. “दुसरा लिहा. मी सांगते.”

त्यांनी सांगितलं. ताईंनी कमरेची पिशवी सोडून त्याच्या हातात दिली. मिस्त्रीचा दंड सुटला, तरी तो हलला नाही. चिमणीनं तोंडावर हात घेतला. महाराज ताईंकडे बघत राहिले आणि मग पायरीवर बसले, जणू कुणी पाठीमागून सिंहासन काढून घेतलं.

शिपाई मोहोर आणायला गाडीकडे गेला. ताई रस्त्यावर अनवाणी उभ्या होत्या. बाईंनी आत जाऊन चपला आणल्या आणि वाकून त्यांच्या पायांत सरकवल्या.

गाडीत बसण्याआधी ताईंनी मान वर करून पाहिलं. दारावरची नवी पाटी, रंग अजून पुरता वाळला नव्हता.

“पाटी वाकडी लागलीय, धाकटे.”

“असू दे,” बाई म्हणाल्या. “उतरवायचीच आहे.”